मुकादमाचे दोन प्रश्न

४ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझ्याशी फोनवर बोलायचं मी आता सोडलं. कसा आहेस म्हटलं की 'ठीक'. जेवलास का, 'ठीक'. परवा मी मुद्दाम विचारलं, तुमच्याकडे पाऊस आहे का, तरी 'ठीक'. म्हणून लिहिते आहे. लिहून नुसतं 'ठीक' पाठवायची तुला निदान लाज तरी वाटेल.

मुद्द्याचं सांगते. मुंगीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या. म्हणाल्या, तुमची भाची पुढच्या वर्षी इथेच आहे का? असेल तर एप्रिल संपायच्या आत प्रवेश पक्का करा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की भाऊ म्हणजे कुणी परग्रहावर राहणारा प्राणी असावा.

मुंगीची आई गेली तेव्हा आपण तिला इकडे आणलं ते थोड्या दिवसांसाठी, तू सावरेपर्यंत. बघता बघता वर्ष होत आलं. ती मजेत आहे. शाळा सुटली की माझ्या चष्म्याच्या दुकानात येते, फ्रेमा पुसते आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सांगते, 'हा तुम्हाला शोभत नाही.' गंमत म्हणजे लोक ऐकतात. परवा एका वकिलाने तिच्या सांगण्यावरून फ्रेम बदलली आणि महागातली घेतली.

आम्हाला ती जड नाही हे तुला सांगायला नको. तुझे भावोजी तर तिच्यामुळे वेळेवर घरी यायला लागले आहेत. आमचं काहीच म्हणणं नाही. पण मुलगी तुझी आहे. तिला परत नेणार आहेस की इथे ठेवायची, एवढं एक सांग. गोलगोल लिहू नकोस.

तुझी ताई


९ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. उशीर झाला, कामात होतो.

काम कसलं ते सांगतो, म्हणजे तुला वाटणार नाही की मी टाळतो आहे. एका मोठ्या रुग्णालयाचा प्रोग्राम आमच्याकडे आहे. रुग्ण घरून त्यावर डॉक्टरांची वेळ घेतात. इतके दिवस तो एका जुन्या मशीनवर चालायचा, आता तो डब्यांत घालून चालवायचा आहे. डबा म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं. एकसारखे डबे हवे तेवढे मांडता येतात, एक बिघडला तर दुसरा असतो. या डब्यांवर लक्ष ठेवायला वेगळा प्रोग्राम असतो. ऑफिसात त्याला आम्ही मुकादम म्हणतो.

मुकादमाला स्वतःची अक्कल नसते. त्याला सगळं लिहून द्यावं लागतं, ते लिहायचं काम माझ्याकडे आहे. कच्च्यावर, म्हणजे आमच्या आमच्यात तपासताना, काहीही चालतं. खऱ्यावर, म्हणजे जिथे खरे रुग्ण येतात तिथे, तसं करून चालत नाही. 'सगळ्यात नवा डबा घे' असं मोघम लिहायचं नाही, नेमका कुठला ते लिहायचं. पासवर्ड डब्यात ठेवायचे नाहीत. एका डब्याने किती मेमरी खायची ते ठरवून द्यायचं, नाहीतर तो शेजाऱ्याचीही खातो. डब्याला मालकाचे अधिकार द्यायचे नाहीत, नोकराचेच द्यायचे. सगळे डबे एकदम बदलायचे नाहीत, एकेक बदलायचा आणि जुना हाताशी ठेवायचा.

मुकादम प्रत्येक डब्याला दर थोड्या वेळाने दोन प्रश्न विचारतो. जिवंत आहेस का? आणि, तयार आहेस का? पहिल्याला उत्तर आलं नाही तर तो डबा मारतो आणि नव्याने सुरू करतो. दुसऱ्याला आलं नाही तर मारत नाही, फक्त त्याच्याकडे लोक पाठवायचं थांबवतो. लोकांना हे दोन प्रश्न एकच वाटतात.

बाकी काही विशेष नाही. कामावर जातो, येतो, भांडी घासतो. वाईट वाटत नाही. चांगलंही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो तसं आहे, आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही.

मुंगीच्या शाळेचं तू म्हणशील तसं.

तुझा भाऊ


१५ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र भावोजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हा मुकादम प्रोग्राम आहे म्हणतो, पण स्वभावाने थेट आमच्या आत्याबाई. त्याही दाराबाहेरून विचारायच्या, उठलास का? उत्तर यायच्या आत पांघरूण ओढलेलं असायचं.

इतकं लांबलचक डबेपुराण आणि पोरीबद्दल एक ओळ. असो. 'तू म्हणशील तसं' म्हणालास, तर मी म्हणते, इथेच राहू दे. मुख्याध्यापिकांना तसं तोंडी सांगूनही टाकलं. अर्ज पुढच्या आठवड्यात भरते. तुझ्या डोक्यावरचं ओझं गेलं असं समज आणि कामाकडे लक्ष दे.

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस, माझ्यावर मीच रागावून झालं आहे. मुंगीला चष्मा लागला. मी लोकांचे डोळे तपासते आणि माझ्याच घरातल्या पोरीला फळ्यावरचं दिसत नाही हे तिच्या वर्गशिक्षिकेने मला सांगावं, याहून मोठी शोभा नाही. मी काय तिला तपासलं नव्हतं? दोनदा तपासलं. दोन्ही वेळा तिने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खडाखडा वाचून दाखवलं. नंतर कळलं, बाईसाहेबांना दुकानातला तक्ता पाठ आहे. रोज तिथेच बसते ना. परवा तक्ता उलटा टांगला तेव्हा पितळ उघडं पडलं.

मी विचारलं, अगं, दिसत नव्हतं तर सांगायचंस ना? म्हणाली, 'तुम्हाला त्रास झाला असता.' फ्रेम मात्र तिने स्वतः निवडली, जांभळी. तिला शोभत नाही, पण मी गप्प बसले.

तू कधी येतोस? मागच्या वेळी आलास तेव्हा पाहुण्यासारखा बसून गेलास.

तुझी ताई


२७ मार्च

ताई,

शनिवारी सकाळी आम्ही प्रोग्राम खऱ्यावर चढवला. सोमवारी कळलं की त्या सकाळपासून एकाही रुग्णाची वेळ नोंदली गेलेली नाही. पान उघडायचं, गोल चक्र फिरायचं, थोड्या वेळाने 'धन्यवाद' यायचं आणि आत काहीच लिहिलं जायचं नाही. सोमवारी लोक रुग्णालयात गेले तर डॉक्टरांकडे त्यांची नावंच नव्हती. एक आजोबा लांबून आले होते, उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून न खाता. दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. काउंटरवरच्या बाई त्यांना सांगत होत्या, तुमची वेळ नाही, आणि ते म्हणत होते, मी घेतली आहे.

आमच्या भिंतीवर एक पडदा आहे. त्यावर डबा नीट असेल तर हिरवा दिसतो. दोन्ही दिवस सगळे हिरवे होते. म्हणून कुणी बघितलं नाही.

कारण सापडायला वेळ लागला नाही. जिथे नोंदी साठतात त्याच्याशी डब्यांचा संबंध तुटला होता. तसा तो कधीमधी तुटतो, त्याचं काही नाही. पण तयार आहेस का असं विचारल्यावर डब्याने स्वतःचं सामान तपासून उत्तर द्यायचं असतं. संबंध तुटला आहे, मी तयार नाही, असं म्हणायचं असतं. म्हटलं असतं तर मुकादमाने लोक पाठवणं थांबवलं असतं, पानावर 'सध्या बंद' अशी पाटी लागली असती, आम्हाला फोन आला असता आणि लोकांनी रुग्णालयात फोन करून वेळ घेतली असती. आमचे डबे काही तपासत नव्हते. कुठलाही प्रश्न विचारला तरी एकच उत्तर देत होते.

आमच्या प्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर ती ओळ उघडली. दोन्ही प्रश्नांपुढे एकच शब्द लिहिलेला होता, 'ठीक'. त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हटलं, मी. मुंगीची आई गेल्यावर घेतलेल्या रजेवरून परत आलो त्या आठवड्यात लिहिलं होतं, नंतर खरं तपासणं घालू म्हणून. राहून गेलं. बाई ओरडल्या नाहीत. जेवून घ्या, मग बसू, म्हणाल्या.

मी जेवलो. ताई, मला काही वाटलं नाही. लाज वाटायला हवी होती, त्या आजोबांचं वाईट वाटायला हवं होतं. वाटायला हवं हे मला कळत होतं, तेवढंच.

संध्याकाळी तुझं पत्र परत वाचलं. 'तू म्हणशील तसं' हे मी लिहिलं तेव्हा काही तपासून लिहिलं नव्हतं. तक्ता पाठ करणारी पोरगी कुणाची आहे हे तुला सांगायला नको.

अर्ज भरू नकोस. मुंगीला मी घेऊन जातो. येत्या शनिवारी येतो. तिचं सामान बांधून ठेव. बाप आहे मी तिचा, हे आता झालं पाहिजे.

तुझा भाऊ


३० मार्च

ठोंब्या,

शनिवारी येऊ नकोस. आलास तर चहा मिळेल, पोरगी मिळणार नाही.

तुझं पत्र आल्यापासून माझा संताप होतो आहे. आधी वर्षभर गप्प, मग तू म्हणशील तसं, आणि आता सामान बांधून ठेव. तुझा डबा चालत नाही म्हणून तो मारून नव्याने सुरू करायचा, ती ऑफिसातली गोष्ट झाली. ही आठ वर्षांची मुलगी आहे. तिची इथे एक मैत्रीण आहे, जिच्याशी रोज भांडण होतं. मध्येच काढून नेलंस तर ती हूं की चूं करणार नाही, आणि तेच मला नको आहे.

आता माझंही ऐक. 'आमचं काही म्हणणं नाही' असं मी लिहिलं होतं ते खोटं. अर्ज मी पंधरा तारखेच्या आधीच भरून ठेवला होता, तुझ्या पत्राची वाटही पाहिली नाही. मागच्या खोलीला रंग दिला आहे. पलंग घेतला आहे. भावोजींनी तिच्या उंचीची खुर्ची स्वतः बनवली, तीन पाय बरोबर झाले आणि चौथा आखूड, म्हणून खाली पुठ्ठा आहे. आम्हाला मूल नाही याचं मी कधी कुणापुढे रडले नाही, तुझ्यापुढेही नाही. पण संध्याकाळी दुकानाच्या दारात ती दिसली की मला जे होतं ते मी कसं लिहू? तू तिला नेलंस तर मी तुला अडवू शकत नाही. नेऊ नये असं मला वाटतं, हे मात्र आता उघड सांगते.

तू सरळ सांगत नाहीस म्हणून मीही सांगितलं नाही. दोघंही एकाच आईची पोरं.

एप्रिलच्या मध्यावर तिला सुट्टी आहे. तेव्हा आठवडाभर तुझ्याकडे ने. मी तिला काही शिकवून पाठवणार नाही, मध्ये फोनही करणार नाही, शपथ. आणि त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर दे. तू जिवंत आहेस हे मला माहीत आहे, ते विचारत नाही. तयार आहेस का?

ताई


३ एप्रिल

ताई,

नाही.

हे लिहायला चार दिवस लागले. तयार नाही. स्वतःपुरतं जेवण करतो पण चव पाहत नाही. तिच्याशी फोनवर बोलताना ती काय म्हणते ते ऐकू येतं आणि कुठेतरी बाहेरच राहतं. तिच्या आईचे कपडे कपाटात आहेत, ते काढावेत असं वाटत नाही आणि राहावेत असंही वाटत नाही. सामान बांधून ठेव असं मी लिहिलं ते तिच्यासाठी नव्हतं. मला माझा पडदा हिरवा करायचा होता.

ऑफिसातली पुढची गोष्ट सांगतो. ओळ दुरुस्त केली तेव्हा एका सहकाऱ्याने घाबरून उलट टोक गाठलं. डब्याने सगळं सामान तपासलं पाहिजे, आणि तेही लगेच, नाहीतर मारा, असं त्याने लिहिलं. आमचा प्रोग्राम जुना आहे, उठायला वेळ घेतो. तो अर्धवट उठलेला असायचा, मुकादम विचारायचा, उत्तर नसायचं, की मारायचा. पुन्हा सुरू, पुन्हा मारला. एकही डबा धड उभा राहीना. प्रमुख बाई आल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, अरे, त्याला उठू तरी द्या. त्यांनी एक सूचना वाढवली, की उठून होईपर्यंत कुठलाच प्रश्न विचारायचा नाही. मग सगळे डबे एकेक करून उभे राहिले. आता ते तयार नसले की तसं सांगतात. पडदा कधीकधी लाल होतो. कुणी दचकत नाही, जाऊन बघतात.

त्या आजोबांना मी फोन केला. कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, काही हरकत नाही, आणि मग त्यांच्या गुडघ्याबद्दल बरंच बोलले.

तू रंग दिलास, पलंग घेतलास, हे वाचून मला राग यायला हवा होता का? आला नाही. तुझ्यासाठी बरं वाटलं असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही. काही आलं नाही. जे आहे ते लिहितो आहे.

सुट्टीत तिला आण. मला हवी आहे की नाही ते मला कळत नाही, पण आण. भावोजींना सांग, पुठ्ठा काढून बाकीचे तीन पाय कापावेत.

तुझा ठोंब्या


१२ एप्रिल

ठोंब्या,

मुंगीला तुझ्या घरी सोडून निघाले तेव्हापासून तीन वेळा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. शपथ पाळते आहे. मुंगी बरी आहे ना, एवढंच कळव. मला माहीत आहे ती तुझी मुलगी आहे आणि तिला पाणी कसं द्यायचं ते तुला येतं.

जायच्या दिवशी तिने मला विचारलं, 'आत्या, मी कुणाला काय सांगू म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही?' मी म्हटलं, असं काहीच नाही, खरं सांग. ती म्हणाली, 'म्हणजे कुणालातरी वाटणारच.' मी तिची वेणी घातली आणि निघालो.

आज दुकान उघडलंच नाही. भावोजी खुर्ची उलटी टाकून पाय कापत बसले आहेत. आता चारही वेगवेगळे झाले आहेत.

ताई


१८ एप्रिल

प्रिय ताई,

मुंगी बरी आहे. उद्या सकाळच्या गाडीने तिला घेऊन येतो, स्टेशनवर ये. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं ते आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

आठवडा शांततेत गेला. ती शहाण्यासारखी वागली. जे केलं ते खाल्लं, भाजी करपली तरी. सकाळी माझ्या आधी उठून आवरून बसलेली असायची. मी विचारलं, कंटाळा आला का? नाही. बाहेर जाऊया का? तुला हवं तर. दुसऱ्या दिवशी विचारलं, इथे राहायला आवडेल का? लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मी पुढे काही बोललोच नाही.

आज जेवल्यावर मी भांडी घासत होतो आणि ती पुसत होती. मी परत विचारलं.

'मुंगी, इथे राहायचं की आत्याकडे?'

'तू म्हणशील तसं.'

माझ्या हातातली कढई तशीच राहिली. म्हटलं, 'मी काही म्हणणार नाही. तू सांग.'

'तुला वाईट वाटेल.'

'वाटेल. तरी सांग.' खरं तर वाटेल असं मला वाटत नव्हतं, ते मी बोलून गेलो.

तिने हातातली वाटी पुसली, नीट ठेवली, दुसरी घेतली. मग वाटीकडे बघत म्हणाली, 'आत्याकडे. इथे मला सारखं हळू चालावं लागतं.'

मी विचारलं, तुला हळू चाल असं कोण म्हणालं? 'कुणी नाही,' म्हणाली. 'पण तू झोपलेला असतोस तसा असतोस. उठशील म्हणून मी हळू चालते.'

ताई, मला लागलं. खूप लागलं. वर्षभरात पहिल्यांदा कुठेतरी काहीतरी लागलं. तिच्या आईला नेलं त्या दिवशी मी उभा होतो तसाच उभा होतो, आज मात्र उभं राहवेना. खाली फरशीवर बसलो आणि रडलो, तिच्यासमोरच. आवाज करून रडलो. ती घाबरेल असं वाटलं, पण घाबरली नाही. तिने मला पुसायला फडकं दिलं, भांडी पुसायचं होतं, ओलंच. मग माझ्या शेजारी बसली. मला तिची आई हवी आहे असं मी म्हटलं. ती म्हणाली, मलाही. आम्ही दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं.

ती तुझ्याकडे राहील. अर्जावर सही करायला मी येतो आहेच. मला तिला द्यायचं नाही, हे मला आज कळलं, आणि आजच सांगतो की तिथेच ठेव. मी दर शनिवारी येईन. पाहुण्यासारखा बसणार नाही. पुढच्या वर्षी तिला परत विचारीन, आणि तेव्हाही नाही म्हणाली तर परत रडेन.

थोड्या वेळाने तिने विचारलं, 'बाबा, आता तू उठलास तर मी धावू का?' म्हटलं, धाव. ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत धावली, दारापासून खिडकीपर्यंत, परत, पुन्हा परत, टाचा आपटत. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. दार उघडलं तर माझा चेहरा बघून ते बोलायचे ते विसरलेच. मी त्यांना म्हटलं, माझी मुलगी आहे, उद्या जाणार आहे, आजच्या दिवस सोसा.

तुझा भाऊ